सावकाशीची कसोटी

सकाळी ७:००

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये दिवस उघडतो तो रात्रपाळीच्या लॉगबुकनं. दोन नंबरच्या मशीनवर काल रात्री नऊला टेस्ट लावली होती, म्हणजे आता दहा तास झाले. रात्रपाळीच्या मुलानं तासातासाच्या नोंदी नीट घेतल्यात. तापमान ९० अंश, दाब स्थिर, गॅस डिटेक्टर शून्य, लोड ७.४ किलोन्यूटन. ३.८१ मिलिमीटर व्यासाच्या एका बारीक सळीवर साडेसातशे किलोंचा भार आहे आणि ती अजून धरून आहे.

ही सळी ड्युप्लेक्स स्टेनलेस स्टीलची. एका गिऱ्हाइकानं पाठवलेल्या नळीतून कापून काढलेली. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जाड भिंतींच्या बंद भांड्यात, ती गरम खाऱ्या पाण्यात उभी आहे आणि त्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेत. तेलविहिरीच्या तळाशी जे असतं तेच आम्ही भांड्यात उभं केलंय. वरून एक मोटर सळीला ओढते, पण इतकी सावकाश की डोळ्यांना काहीच हललेलं दिसत नाही. २५.४ मिलिमीटर लांबीच्या गेजमध्ये, म्हणजे सळीच्या बारीक केलेल्या मधल्या भागात, दर सेकंदाला मूळ लांबीच्या दहा लाखांत चार भाग एवढीच वाढ. तासाला सुमारे ०.३७ मिलिमीटर.

पलीकडच्या खोलीतल्या साध्या टेन्साइल मशीनवर हाच तुकडा पाच मिनिटांत तुटला असता, आणि रिपोर्टवर झकास आकडे आले असते. पण पाच मिनिटांत धातूची फक्त ताकद कळते. खारं पाणी आणि विषारी वायू त्याच्यावर काय करतात, ते कळायला वेळ द्यावा लागतो. स्लो स्ट्रेन रेट टेस्ट म्हणतात ती हीच. आम्ही आपसांत नुसतं ‘स्लो टेस्ट’ म्हणतो.

सकाळी ७:४५

गॅस रूमची फेरी. इथं एकट्यानं जायचं नाही, हा पहिला नियम. खिशाला डिटेक्टर लावलेला, दारातल्या कपाटात श्वसनसंच तयार. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि हवेत दहा लाख भागांत एक भागही नसला तरी नाकाला कळतो. धोका पुढं आहे. प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं ज्याला वाटतं, तो जिवाला मुकतो. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी बजावते, नाकावर विसंबायचं नाही. डिटेक्टर दहावर वाजला की हातातलं टाकून बाहेर.

सिलिंडरचे जोड, नळ्यांचे जोड, मग स्क्रबर. भांड्यातून सुटणारा गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून जाऊनच बाहेर पडतो. द्रावण जुनं झालं की ते गॅस पकडत नाही, म्हणून त्याची तपासणी रोजची. आज ठीक आहे. सही केली.

सकाळी ९:००

वर्कशॉप. त्याच नळीतला दुसरा तुकडा लेथवर आहे. आमचे मशिनिस्ट काका शेवटच्या फेऱ्या अगदी हलक्या हातानं घेतात. खोल कट घेतला की पृष्ठभाग तापतो, कडक होतो आणि मग आपण नळीची टेस्ट करत नाही, लेथच्या कामाची करतो. शेवटचं पॉलिश सळीच्या लांबीच्या दिशेनं. पृष्ठभागाचा खडबडीतपणा पाव मायक्रॉनच्या आत हवा.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं, सळी दिव्याखाली फिरवली, थांबले, परत मागं फिरवली.

‘‘मॅडम, हे बघा. इथं एक आडवी रेघ राहिलीय.’’

मी पाहिलं. केसाहून बारीक, पण गेजच्या बरोबर मधोमध आणि ओढण्याच्या दिशेला आडवी. भेग सुरू व्हायला अशी एक रेघ पुरते.

‘‘काढता येईल काका?’’

‘‘येईल, पण व्यास कमी भरेल. हा नको. दुसरा घेतो.’’

अर्ध्या दिवसाचं काम बाजूला ठेवताना त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. नळीचा आणखी एक तुकडा कालच उरकून ठेवलेला होता, तो त्यांनी पुढं केला. मी तो ॲसिटोननं धुतला आणि हातमोज्यांनीच उचलला, कारण बोटांच्या घामातही मीठ असतं. पकडीच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या बाह्या चढवल्या. सळीचा धातू वेगळा आणि भांड्याचा वेगळा. दोन्ही एकमेकांना टेकले तर त्या खाऱ्या पाण्यात बॅटरी तयार होते आणि निकाल भलताच येतो.

सकाळी १०:४०

दहानंतर स्क्रीनवरची रेषा उतरायला लागली. आधी हळू, मग झपाट्यानं. दहा चाळीसला लोड शून्यावर आला. तुटली.

तेरा तास चाळीस मिनिटं. याच नळीचा तुकडा गेल्या आठवड्यात याच तापमानाला, पण नुसत्या नायट्रोजनमध्ये ओढला होता. तो बावीस तास टिकला होता. सगळी टेस्ट म्हणजे शेवटी ही तुलना. एकदा निरुपद्रवी वायूत ओढायचं, एकदा वाईट वातावरणात आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. एकाच्या जवळ आलं तर वातावरणानं धातूचं फारसं वाकडं केलेलं नाही. एकाच्या जितकं खाली, तितकी काळजी.

पण भांडं लगेच उघडायचं नाही. आधी थंड होऊ द्यायचं, मग नायट्रोजन सोडून आतला सगळा गॅस स्क्रबरमधून बाहेर काढायचा. त्याला काही तास जातात.

सकाळी ११:१५

या मधल्या वेळात नव्यानं आलेल्या ट्रेनी मुलीला घेऊन बसले. डिप्लोमा करून आलीय, चुणचुणीत आहे. तिचा पहिलाच प्रश्न नेमका होता. ‘‘मॅडम, गंज लागलेलाच नाही, धातूही मजबूत आहे, मग तुटतो कशानं?’’

तिला मी काडतुसांची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. दारूगोळा तबेल्यांजवळ साठवलेला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, हवेत ओल असायची आणि काडतूस घडवताना पितळात राहिलेला ताण आतून ओढत असायचा. तिन्ही एकत्र आले की पितळ फाटायचं. यातलं एकही कमी असतं तर काही झालं नसतं. १९२१ साली ब्रिटिश संशोधकांनी हे कारण नीट मांडलं. ताण, वातावरण आणि त्या वातावरणाला बळी पडणारा धातू, या तिघांच्या संगनमतानं जी भेग पडते तिला स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात. वरून धातू चकचकीत दिसतो आणि आतून भेग चालत जाते.

अशा भेगा काय करू शकतात तेही सांगितलं. १५ डिसेंबर १९६७ ला अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज ओहायो नदीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. साखळीतल्या एका दुव्याच्या भोकाशी जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची भेग होती. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी पोहण्याच्या तलावाचं छत खाली आलं, १२ माणसं दगावली. छत धरणारे गज स्टेनलेसचे होते. तलावाच्या दमट, क्लोरिनच्या हवेनं ते आतून भेगाळले होते.

‘‘आणि सावकाशच का ओढायचं?’’ हा तिचा दुसरा प्रश्न.

स्टेनलेसच्या अंगावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो. तोच त्याचा रखवालदार. धातू ताणला की तो थर फाटतो आणि उघडा धातू पाण्याला भिडतो. थोड्या वेळात थर परत जमतो. भेग पडायची ती या फाटण्या-जमण्याच्या मधल्या वेळात. फार वेगानं ओढलं तर पाण्याला काही करायला सवड मिळत नाही, धातू नुसत्या ओढीनं तुटतो. काही जोड्यांमध्ये फारच हळू ओढलं तरी फसगत होते, कारण थर प्रत्येक वेळी भरून येतो आणि भेग चालतच नाही. हायड्रोजनचं मात्र वेगळं. तो धातूच्या आत झिरपतो आणि त्याला जितका वेळ द्याल तितका तो खोल जाऊन धातू ठिसूळ करतो. न्यूकॅसलच्या आर. एन. पार्किन्स यांनी १९६०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. पुढं १९७९ साली एएसटीएम या प्रमाणसंस्थेनं या एका विषयाला वाहिलेला आख्खा ग्रंथ काढला. आज आम्ही एएसटीएम जी १२९ आणि नेस टीएम ०१९८ या प्रमाणपद्धतींनी काम करतो. त्यांच्यामागं त्या लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

दुपारी १:००

डबा. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची आमटी. जेवताना आईचा फोन आला. मी मूळची नारायणगडाच्या परिसरातली, बीड जिल्ह्यातली. गडाला आमच्याकडं धाकटी पंढरी म्हणतात. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही, ते आषाढीला गडावर येतात.

‘‘परवा एकादशी हाय. यायलीस का न्हाई? गडावर लई माणूस यायलंय म्हनतेत.’’

‘‘उद्या रात्रीच्या गाडीनं निघते आई. आज एक टेस्ट लावायचीय.’’

‘‘एका टायमाला किती येळ ताणत बसता गं तुम्ही ते लोखंड?’’

तिला मी नेहमी सांगते तेच सांगितलं. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोडीला गेली. त्यांच्यातलीच काही पोरं आता वेल्डर, फिटर, रिगर होऊन रसायनांच्या आणि गॅसच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं काम करतात. नळीला भेग गेली तर तिच्यासमोर पहिला उभा असतो तो आमचाच एखादा पोरगा. मुंबईपासून दूर समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. त्याच किनाऱ्यापुढच्या दक्षिण बसीन क्षेत्रातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो समुद्राखालच्या नळीतून गुजरातेत हजिऱ्याला जातो आणि तिथं त्यातला हायड्रोजन सल्फाइड वेगळा काढतात. या सगळ्या वाटेवर माणसं काम करतात. त्यांच्या नळीचा तुकडा आधी माझ्या भांड्यात तुटलेला बरा.

‘‘मग ताण बाई सावकाश,’’ आई म्हणाली.

दुपारी २:३०

गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातून फोन. माल गाडीवर चढायचा खोळंबलाय, रिपोर्ट आज संध्याकाळी हवाय. दुसरा तुकडा दहापट वेगानं ओढा ना, दोन तासांत उरकेल, असा आग्रह.

असे फोन येतात आणि त्या माणसाची अडचणही खोटी नसते. त्याच्याही डोक्यावर तारीख असते. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की दहापट वेगानं ओढलं तर तुकडा बहुतेक झकास लांबेल, आकडेही सुरेख येतील, पण ते तुमच्या नळीचे नसतील. गॅसला आत शिरायला आम्ही वेळच दिला नाही एवढंच त्यातून कळेल. विहिरीत नळी दोन तास राहणार नाही, ती वर्षानुवर्षं राहणार आहे.

कझाकस्तानातल्या काशागान तेलक्षेत्राचं उदाहरणही दिलं. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच बंद पडलं, कारण समुद्राखालच्या नळ्यांना याच वायूनं भेगा पाडल्या होत्या. तेलाची आणि वायूची, दोन्ही नळ्या बदलाव्या लागल्या. उत्पादन परत सुरू व्हायला २०१६ साल उजाडलं. त्या तीन वर्षांपुढं आमचा एक दिवस काहीच नाही.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘‘उद्या संध्याकाळपर्यंत तरी?’’ मी म्हटलं, ‘‘तुकडा तुटेल तेव्हा.’’

दुपारी ३:३०

भांडं उघडलं. आधी डिटेक्टर तोंडाशी धरला. शून्य. मग झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे, जोडीजोडीनं सैल केले. दोन अर्धुकं बाहेर काढली, ताबडतोब धुतली, वाळवली, कारण उघड्या हवेत तुटलेला पृष्ठभाग पटकन खराब होतो आणि त्यावरचा पुरावाही.

ट्रेनीच्या हातात दोन्ही नमुने दिले. नायट्रोजनमधला आणि हा. तिला काही सांगावं लागलं नाही. नायट्रोजनमधला तुटण्याआधी मानेशी छान बारीक होत गेला होता. हा त्या मानानं फारसा बारीक न होताच तुटला होता. मापकाखाली ठेवले. मूळ व्यास ३.८१. नायट्रोजनमध्ये तुटल्या जागी २.१० उरला, म्हणजे क्षेत्रफळ ७० टक्क्यांनी घटलं. गॅसमधला ३.०५, घट ३६ टक्के. गुणोत्तर ०.५२. वेळेचं गुणोत्तर ०.६२.

मग स्टिरिओ मायक्रोस्कोप. इथं खरी साक्ष मिळते. तुटल्या जागेपासून लांब, सळीच्या अंगावर, ओढण्याच्या दिशेला आडव्या बारीक भेगा. एक, दोन, पुढं आणखी. मुख्य भेगेला यातल्या एकीनं मागं टाकलं असतं तर तुकडा तिथं तुटला असता. नुसत्या ओढीनं अशा भेगा पडत नाहीत. हे वातावरणाचंच काम.

दुपारी ४:३०

एसईएम. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर तुटलेला पृष्ठभाग हजारपट मोठा होऊन येतो. ड्युप्लेक्स पोलादात फेराइट आणि ऑस्टेनाइट असे दोन प्रकारचे कण साधारण निम्मे निम्मे असतात. फेराइट मजबूत, पण हायड्रोजनला हळवा. ऑस्टेनाइट भेगेला अडवणारा. पडद्यावर तेच दिसत होतं. फेराइटचे सपाट, चिरल्यासारखे तुकडे आणि त्यांच्यामध्ये शेवटपर्यंत ओढ सोसून फाटलेल्या ऑस्टेनाइटच्या कडा. मध्यभागी मात्र लहान लहान खळगे, म्हणजे तिथं धातू शेवटच्या क्षणी त्याच्या स्वभावानं, लांबून तुटला.

कपाटातून एक जुना शिकवणीचा नमुना काढून ट्रेनीला दाखवला. साध्या ३०४ स्टेनलेसचा, वेल्डिंगच्या उष्णतेनं बिघडलेला. त्याचा पृष्ठभाग थेट खडीसाखरेसारखा दिसतो, प्रत्येक कण शेजारच्या कणापासून सुटा. कणांच्या सीमेवरचं क्रोमियम कार्बनबरोबर बांधलं गेलं की ती सीमाच कमकुवत होते आणि भेग त्याच वाटेनं जाते. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमधल्या स्टेनलेस नळ्यांना या भेगांनी जगभर छळलं. आपल्या तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या याच जातीच्या. भट्टीच्या पाण्यात कोणतं पोलाद टिकेल, पाण्यात ऑक्सिजन किती चालेल, असे प्रश्न जगभर ज्या पद्धतीनं सोडवले गेले, त्यांत ही सावकाश टेस्ट अगदी पुढं होती.

सायंकाळी ६:००

दुसरा तुकडा भांड्यात लावला. एका तुकड्यावर नळीचा निवाडा करायचा नाही. द्रावण दुपारपासूनच नायट्रोजननं बुडबुडवत ठेवलं होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जावा. थोडा जरी ऑक्सिजन राहिला तरी हायड्रोजन सल्फाइडशी त्याची क्रिया होऊन गंधक सुटतं आणि गंज भलत्याच जातीचा होतो. विहिरीच्या तळाशी हवा नसते, म्हणून भांड्यातही नको. ओ-रिंग नवी, झाकण बसवलं, नायट्रोजननं दाबाची गळती-चाचणी घेतली. मग गॅस, मग तापमान, मग सुरुवातीचा थोडासा ताण देऊन सगळं स्थिर होऊ द्यायचं. मोटर रात्री नऊला.

सायंकाळी ७:१५

रिपोर्टचा मसुदा. मला सगळ्यात जपून करावं लागतं ते हे काम. ‘पास’, ‘फेल’ हे शब्द मी लिहीत नाही. ही चाळणीची टेस्ट आहे. ती धातूला तुटेपर्यंत ओढतेच, इतका छळ नळीच्या वाट्याला प्रत्यक्षात सहसा येत नाही. म्हणून इथं वाईट दिसलेला धातू स्थिर भाराखाली टिकूही शकतो. तिच्यावरून नळी किती वर्षं चालेल हे सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो अंदाजाला मोजमाप म्हणतो. पण ०.५२ आणि अंगभर आडव्या भेगा हे दोन्ही दडवण्यासारखं नाही.

मी लिहिलं: या वातावरणात या नळीच्या धातूची तन्यता, म्हणजे तुटण्याआधी लांबण्याची क्षमता, लक्षणीय घटते, पर्यावरणजन्य भेगांचा स्पष्ट पुरावा आहे. दुसऱ्या तुकड्याचा निकाल येईपर्यंत माल सोडू नये. उद्या मायक्रोस्ट्रक्चर पाहायचं, फेराइटचं प्रमाण मोजायचं आणि सिग्मा फेज आहे का ते तपासायचं. नळी घडवताना ७०० ते ९५० अंशांच्या पट्ट्यातून ती रमतगमत थंड झाली असेल तर हा ठिसूळ पदार्थ कणांच्या सीमेवर बसतो, आणि मग दोष मिश्रधातूचा नसून त्याच्या उष्णतोपचाराचा असतो. त्यानंतर स्थिर भाराची ७२० तासांची टेस्ट, असा सल्ला. पूर्ण ३० दिवस. गिऱ्हाइकाला हे आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हा सल्ला रिपोर्टच्या शेवटी न ठेवता पहिल्या पानावर आणला, म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटायला नको.

रात्री ९:००

तापमान ९० वर स्थिर, डिटेक्टर शून्य, लोड सेल शून्यावर तपासला. मोटर सुरू. नऊ वाजून पाच मिनिटांनी रात्रपाळीचा मुलगा आला. त्याला लॉगबुक दिलं, ट्रेनीनं पहिली नोंद स्वतः केली. दहाच्या ठोक्याला दुसरी नोंद घ्यायची, तापमान दोन अंशांनी जरी सरकलं तरी लिहायचं, गॅस रूममध्ये वॉचमनला सोबत घेतल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

‘‘सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला तर काय सांगू?’’ त्यानं विचारलं.

‘‘टेस्ट चालू आहे एवढंच सांग. आणि कुणी काहीही म्हणू दे, मोटरच्या वेगाला हात लावायचा नाही.’’